'दिले' या क्रियापदाची चिकित्सा : मनोहरभाई पटेल यांचे चरित्र कसे सांगितले जाते?

दरवर्षी ९ फेब्रुवारीला गोंदियात मनोहरभाई पटेल यांची जयंती मोठ्या प्रमाणावर साजरी होते. गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात, राज्यातले आणि दिल्लीतले पुढारी येतात, चित्रपटातले नट येतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात. त्या पुरवण्यांतून, संस्थांच्या स्मरणिकांतून आणि व्यासपीठावरच्या भाषणांतून त्यांचे जे चरित्र सांगितले जाते, त्याचा सारांश तीन वाक्यांत मावतो. ते गुजरातेतून आले. त्यांनी बिडीचा धंदा वाढवला. आणि त्यांनी या मागास जिल्ह्याला शाळा, कॉलेजे आणि धरणे दिली.

या तीन वाक्यांपैकी एकही खोटे नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू मनोहरभाईंचे मोठेपण कमी करण्याचा नाही, हे सुरुवातीलाच नोंदवतो. प्रश्न तिसऱ्या वाक्यातल्या क्रियापदाचा आहे. व्यापारी स्वतःच्या नफ्यातून शाळेला पैसे देतो, तेव्हा 'दिले' हे क्रियापद बरोबर बसते. पण आमदार धरण 'देतो' का? धरण सरकारी तिजोरीतून होते, तिजोरी करदात्यांची असते, जमीन शेतकऱ्यांची जाते आणि आमदार हा त्या लोकांचा मुखत्यार असतो. एकाच माणसाच्या आयुष्यात दान आणि प्रतिनिधित्व या दोन गोष्टी एकत्र आल्या, आणि त्यांचे चरित्र सांगणाऱ्यांनी दोन्हींसाठी एकच क्रियापद वापरले. त्यामुळे दाता मनोहरभाई सर्वांना ठाऊक झाले आणि आमदार मनोहरभाई जवळजवळ अज्ञात राहिले. केशोरीसारख्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या गावातून पाहिले, तर हा फरक शब्दच्छल वाटत नाही. आमच्या भागातल्या राजकारणाची सगळी सवय त्या एका क्रियापदात साठलेली आहे.

सांगितले जाणारे चरित्र

मनोहरभाईंचा जन्म ९ फेब्रुवारी १९०६ चा आणि मृत्यू १९७० मधला. मूळ घर गुजरातेतल्या खेडा भागात. स्वतःचे शालेय शिक्षण फारसे झालेले नसताना त्यांनी शिक्षणाचे महत्त्व ओळखले, हा त्यांच्या चरित्रकथेचा गाभा मानला जातो. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. तिच्यामार्फत एकाच दिवशी २२ शाळा उघडल्या, ही गोष्ट आजही प्रत्येक जयंतीला सांगितली जाते. पुढे गोंदियाचे धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय, नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय, तिरोड्याचे सी. जे. पटेल महाविद्यालय, साकोली-देवरीची मनोहरभाई पटेल महाविद्यालये असा या संस्थेचा विस्तार झाला. ते गोंदियातून काँग्रेसचे आमदार झाले. इटियाडोह, पुजारीटोला, कालीसरार, सिरपूर या धरणांचे श्रेय त्यांना दिले जाते. टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढले.

या कामाचे मोल ज्यांनी जुन्या भंडारा जिल्ह्याचा पूर्व भाग पाहिला आहे त्यांना सांगावे लागत नाही. जंगल, नाले, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. सातवी झालेल्या पोराला पुढे शिकायचे तर घर सोडून तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी राहावे लागे, आणि मुलीच्या बाबतीत तर तो विषयच संपे. अशा भागात हायस्कूल गावाजवळ आणणे म्हणजे एका पिढीच्या आयुष्याची दिशा बदलणे होय. या भागातले कितीतरी मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका त्या शाळांतून निघाल्या. तेव्हा आदर खरा आहे आणि त्याला कारणही आहे.

पण आदर हा चरित्राचा आरंभ असू शकतो, चरित्र नव्हे. स्मरणिका हा वाङ्मयप्रकारच असा आहे की त्यात माणूस जन्मतो, कष्ट करतो, देतो आणि जातो. त्याला विरोधक नसतात, भागीदार नसतात, हिशेब नसतात. तो कोणाशी भांडत नाही आणि कोणत्याही प्रश्नावर त्याचे मत नसते. आमदाराचे चरित्र असे असूच शकत नाही. आमदार म्हणजे मत देणारा माणूस. सभागृहात हात वर करणारा किंवा न करणारा.

पैसा कुठून आला?

कोणत्याही व्यापारी-लोकप्रतिनिधीच्या चरित्रात पहिला प्रश्न भांडवलाचा असायला हवा. त्यात आरोप काहीच नसतो. तो फक्त अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

गोंदियाला बिडीचा धंदा का वाढला, याची कारणे भूगोलात आहेत. खेडा जिल्ह्याचा चरोतर भाग तंबाखूच्या शेतीसाठी प्रसिद्ध. इकडे वैनगंगेच्या खोऱ्यात तेंदूचे जंगल. मधे रेल्वे: मुंबई-हावडा मार्गावरचे गोंदिया हे जंक्शन, तिथून एक फाटा जबलपूरकडे आणि दुसरा नागभीड-चांद्याकडे. तंबाखू उतरवायला आणि बिडी पाठवायला यापेक्षा सोयीची जागा नव्हती. चौथी गोष्ट म्हणजे हात. हा धानाचा मुलूख. रोवणी आणि कापणी या दोन हंगामांत काम इतके की माणूस मिळत नाही, आणि उरलेले महिने रिकामे. ते रिकामे महिने बिडीने भरले.

काम कसे चाले ते नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटेच निघून तेंदूपाने तोडायची, घरी आणून पुडकी बांधायची, संकलनाच्या जागी नेऊन वाळवायला मांडायची. ती पाने गोण्यांतून गोदामात. पुढे सट्टेदार हा मधला माणूस पेढीकडून पाने, तंबाखू आणि सूत उचलून गावातल्या घरांना वाटून देई. बायका ओसरीवर बसून पाने भिजवायच्या, कात्रीने कापायच्या, तंबाखू भरून वळायच्या, सूत बांधायच्या. मजुरी हजारावर. संध्याकाळी सट्टेदाराकडे मोजणी. त्यात जी बिडी पसंत पडत नसे ती 'छाट' म्हणून बाजूला काढली जाई आणि तिची मजुरी कापली जाई. या छाटेवरून गावोगाव किती कुरबुरी झाल्या असतील ते ज्यांच्या घरी बिडी वळली गेली त्यांना ठाऊक आहे.

ज्या नफ्यातून शाळा उभ्या राहिल्या तो नफा असा हजारा-हजाराने गोळा झालेला होता. म्हणून मला वाटते की 'मनोहरभाईंनी शाळा दिली' हे वाक्य पूर्ण करायचे तर त्यात बिडी वळणाऱ्या बायकांचा कर्ता म्हणून उल्लेख यायला हवा. आणि हे दुसऱ्या बाजूनेही खरे आहे. जिथे मजुरी धानाच्या पायलीत मिळे, तिथे बायकांच्या हातात पहिल्यांदा रोख पैसा बिडीने दिला. हा धंदा केवळ शोषणाचा होता असे म्हणणेही स्मरणिकेइतकेच एकांगी होईल.

या दोन बाजूंचा ताण त्या काळच्या कायद्यांत स्पष्ट दिसतो. १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने एक कायदा केला: शेतीच्या हंगामात ठरवून दिलेल्या गावांत बिडी वळण्यास मनाई करता येईल. उद्देश हा की शेतीला मजूर मिळावेत. म्हणजे मालगुजार आणि मोठा शेतकरी एका बाजूला, बिडीची पेढी दुसऱ्या बाजूला, आणि ओढाताण चालली होती ती मजुराच्या हातांसाठी. सागर जिल्ह्यातून चिंतामणराव यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५० मध्ये न्यायालयाने हा निर्बंध अवाजवी ठरवून कायदा रद्द केला. शेतीत काम करू न शकणारी म्हातारी माणसे, बायका, अपंग यांनाही हा कायदा बिडीपासून रोखतो, हा त्या निकालातला महत्त्वाचा मुद्दा होता. संविधान लागू होऊन वर्षही झाले नव्हते, आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या कलमाचा एक पायाभूत निकाल आमच्या प्रांतातल्या बिडीवरून लागला. गोंदियाच्या बिडी व्यापाऱ्याचे चरित्र सांगताना ही गोष्ट वगळली जाते, हे नवल आहे.

पानाचा मालक कोण?

त्याहून जवळचा खटला तेंदूपानाचा आहे. मनोहरभाईंचे नाव ज्या उद्योगघराण्याशी जोडलेले आहे, त्या छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी या पेढीच्या नावानेच तो ओळखला जातो.

पार्श्वभूमी अशी. मध्यप्रदेशात मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून गावांची मालकी सरकारकडे गेली. त्याआधी बिडीच्या पेढ्यांनी मालगुजारांशी करार करून त्यांच्या जंगलातली तेंदूपाने तोडण्याचे हक्क पुढच्या काही वर्षांसाठी विकत घेऊन ठेवले होते. सरकार म्हणाले, मालगुजारच उरला नाही, तर त्याने दिलेला करार कसला? पेढ्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९५२ च्या अखेरीस निकाल पेढ्यांच्या बाजूने लागला: करार कायम, सरकारने आड येऊ नये. पुढे १९५९ च्या महादेव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली आणि असे करार सरकारवर बंधनकारक नाहीत असे ठरवले. मध्यप्रदेशाने १९६४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये कायदा करून तेंदूपानाचा व्यापार सरकारच्या हाती घेतला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभा आता स्वतः पाने विकू लागल्या आहेत.

मालगुजार, व्यापारी, सरकार, ग्रामसभा: सत्तर वर्षांत एका पानाने इतके मालक पाहिले. मनोहरभाईंचे सार्वजनिक आयुष्य यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधोमध येते. तेंदूपानाचा कायदा राज्यात झाला तो त्यांच्या हयातीत. त्या काळातल्या बिडी व्यापारी आमदाराकडे एकाच वेळी दोन बाजूंची माहिती असे. पानाचा भाव वाढला तर पेढीचा खर्च वाढतो हेही त्याला कळे, आणि पान तोडणारा हा आपला मतदार आहे हेही कळे. अशी दुहेरी जागा हाच खऱ्या चरित्राचा विषय असतो. आपल्याकडे मात्र ती जागा रिकामी सोडून चरित्रकार थेट शाळेच्या उद्घाटनाला पोहोचतो.

दुसऱ्या बिडी व्यापाऱ्याची गोष्ट

तुलनेसाठी याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण घेऊ. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा लोकसभा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले, राखीव जागेवर तुलाराम साखरे. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी पेढीचे भागीदार. ही पेढी सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला बिड्या पुरवत होती. सरकारशी करार असलेला माणूस कायदेमंडळावर निवडून येऊ शकत नाही, असा तेव्हाचा कायदा. निवडणुकीविरुद्ध अर्ज झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५४ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. उमेदवारीच्या काळात करार चालू होता, भागीदार म्हणून जसानींचा त्यात हितसंबंध होता, सबब ते अपात्र.

याच निकालात दुसराही मुद्दा होता. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज, ते महानुभाव पंथात गेले म्हणून महार राहिले नाहीत, या कारणाने फेटाळला होता. न्यायालयाने तो फेटाळणे चूक ठरवले. सगळी निवडणूकच रद्द झाली आणि १९५४ मध्ये पोटनिवडणूक लागली. हीच ती भंडाऱ्याची प्रसिद्ध पोटनिवडणूक, जिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पराभूत झाले. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी जिंकली.

बाबासाहेबांच्या भंडाऱ्यातल्या पराभवाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण ती निवडणूक लागलीच का, तर सैनिकांना पुरवलेल्या बिडीमुळे आणि महानुभाव पंथाच्या वादामुळे, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

मला इथे दाखवायचे आहे ते कागदांमधले अंतर. एकाच जिल्ह्यातले, एकाच धंद्यातले, एकाच पक्षाचे दोन पुढारी. एकाचे आयुष्य आपल्याला न्यायालयाच्या निकालातून कळते: भागीदारी कधीची, करार कोणाशी, तारीख कोणती. दुसऱ्याचे आयुष्य स्मरणिकेतून कळते: मन किती मोठे, दृष्टी किती दूरची. पहिल्या कागदात माणूस दिसत नाही, नुसता व्यवहार दिसतो. दुसऱ्यात व्यवहार दिसत नाही, नुसता माणूस दिसतो. न्यायालयाने जसानींवर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवला नव्हता. कायद्याचे तत्त्व एवढेच होते की एकाच माणसाचे हित आणि कर्तव्य समोरासमोर उभे राहू नये. १९६६ मध्ये कायदा बदलून ही अपात्रता पुष्कळ सौम्य करण्यात आली. पण तत्त्व म्हणून तो प्रश्न जुना झालेला नाही. ठेकेदार आणि आमदार यांच्यातली रेघ आज किती पुसट आहे, ते प्रत्येक तालुक्यात दिसते.

इटियाडोह

आता आमच्या उंबरठ्यावरची गोष्ट. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. केशोरी हा त्याच्या शेजारचा पट्टा. धरणाचे कालवे अर्जुनीतून लाखांदूर, देसाईगंज, आरमोरीपर्यंत गेले. तिथला शेतकरी खरिपाचे धान निर्धास्तपणे घेतो आणि उन्हाळी धानही घेतो, ते या पाण्यावर. हे धरण व्हावे म्हणून मनोहरभाईंनी केलेल्या पाठपुराव्याची आठवण आमच्या भागात आदराने काढली जाते, आणि ती काढली जावी.

पण धरण होते कसे, याचा क्रम पाहा. सर्वेक्षण, आराखडा, तेव्हाच्या योजना आयोगाकडून मंजुरी, अर्थसंकल्पात तरतूद, भूसंपादनाचे निवाडे, बुडणाऱ्या गावांचे स्थलांतर, माती वाहणारे मजूर, मग कालवे, मग पाणी. हे सारे होत असताना भंडारा जिल्हा स्वतःच एका राज्यातून दुसऱ्यात जात होता. १९५६ पर्यंत तो मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. चार वर्षांत तीन राज्ये. फायली एका सचिवालयातून दुसऱ्यात जाणार, नवे मंत्री, नवे अधिकारी, आणि त्यांच्या दृष्टीने भंडारा म्हणजे नकाशाचे पूर्वेचे टोक. अशा काळात एखाद्या योजनेची फाईल हरवू न देता पुढे सरकवत राहणे, हे आमदाराचे खरे कौशल्य. मनोहरभाईंसारख्या माणसाचे कर्तृत्व मोजायचे तर इथे मोजायला हवे. 'धरण दिले' या शब्दांत ते कौशल्यच झाकून जाते. देणाऱ्याला अर्ज करावे लागत नाहीत, वाद घालावे लागत नाहीत, मुंबईत मंत्र्याच्या दारात बसावे लागत नाही. म्हणजे या क्रियापदाने मनोहरभाईंवरही अन्यायच होतो.

आणि धरणाला दोन बाजू असतात. भिंतीच्या खाली पाणी मिळते, भिंतीच्या वर जमीन जाते. खालच्या बाजूचा शेतकरी 'दिले' म्हणतो. वरच्या बाजूला जमीन गेलेल्या घराने कोणते क्रियापद वापरावे? त्यांनी जे दिले त्याची नोंद भूसंपादनाच्या निवाड्यांत आहे, जयंतीच्या पुरवणीत नाही.

देणारा हवा कशाला होता?

या साऱ्यातून एक प्रश्न उरतो. आमच्या समाजाला दाता इतका का भावला?

माझे उत्तर मालगुजारीत आहे. या भागात तळी ही जगण्याची सोय. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव आणि बोड्या हे जुन्या भंडारा जिल्ह्याचे वैभव. नवेगावबांधसारखा प्रचंड तलाव त्याच परंपरेतला. तलाव मालगुजाराचा, पाण्याचे वाटप त्याच्या शब्दाने, पण त्याबरोबर गावाचेही काही रिवाज आणि हक्क असत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. आज आपण त्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतो. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. ज्या वर्षी रयतेचा जुना मायबाप गेला, त्याच वर्षी रयतेला मत मिळाले.

मत मिळाले तरी मायबापाची सवय लगेच जात नाही. ती रिकामी जागा व्यापारी-आमदाराने भरली. त्याच्याकडे पैसा होता, रोजगार होता, सट्टेदारांचे जाळे गावोगाव होते आणि सरकारदरबारी ओळख होती. मालगुजारापेक्षा तो कितीतरी उदार होता, कारण मालगुजार सारा घेत असे आणि हा शाळा देत होता. पण नाते त्याच आकाराचे राहिले: वरून येणारे आणि खाली झेलणारे.

तुलना करायची तर महाराष्ट्रातल्या इतर शिक्षणसंस्थांशी करता येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती सत्यशोधकी विचारातून. विद्यार्थ्याने स्वतः कष्ट करून शिकावे, हे तिचे सूत्र. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती शेतकरी बहुजनांच्या चळवळीतून. या दोन्ही ठिकाणी संस्थेच्या मागे एखादा विचार किंवा आंदोलन होते, आणि चरित्रकारांना त्या विचाराबद्दल लिहावेच लागले. गोंदियाच्या संस्थेच्या मागे एका यशस्वी उद्योगाची ताकद होती. त्यामुळे तिथल्या चरित्रात विचाराची जागा औदार्याने घेतली. औदार्याबद्दल फक्त कृतज्ञ राहता येते. त्याच्याशी वाद घालता येत नाही, आणि म्हणून ते पुढच्या पिढीकडे वारशासारखे सरकते. मनोहरभाईंचे चिरंजीव प्रफुल्ल पटेल १९८५ मध्ये गोंदियाचे नगराध्यक्ष झाले, १९९१ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेत गेले आणि पुढे केंद्रात मंत्री झाले. त्यांचे राजकारण हा या लेखाचा विषय नाही. एवढेच नोंदवतो की स्मरण करणारी संस्था, तिचा उद्योग आणि राजकीय वारसा हे तिन्ही एकाच घराशी जोडलेले असले, की चिकित्सक चरित्र त्या वर्तुळाच्या बाहेरूनच यावे लागते.

खरे चरित्र कुठे आहे?

असे चरित्र लिहिता येईल का? येईल. त्याची साधने आहेत, फक्त ती स्मरणिकेच्या वाटेवर नाहीत.

पहिले साधन विधिमंडळाची छापील कार्यवाही. आमदाराने कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर बोलले, कुठे गप्प राहिले, हे तिथे तारीखवार सापडते. बिडी आणि सिगार कामगारांचा केंद्रीय कायदा १९६६ मध्ये झाला. त्याआधी नागपूरच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात, कारखान्यात बसून हजारावर बिडी वळणारा माणूस हा कामगारच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. नवा कायदा घरी वळणाऱ्या बाईपर्यंत पोहोचला आणि छाटेलाही मर्यादा घालण्याची सोय झाली. देशभरच्या बिडी मालकांनी त्याला आव्हान दिले, आणि १९७४ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. या सगळ्या वर्षांत बिडी पट्ट्यातले आमदार सभागृहात काय बोलत होते, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

दुसरे साधन शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर. पहिल्या पाच-दहा वर्षांत कोणाची मुले दाखल झाली? बिडी वळणाऱ्या घरातल्या मुली किती? गोंड, हलबा, महार, पोवार, कुणबी, कोहळी मुले कोणत्या प्रमाणात आली आणि कोणत्या इयत्तेत गळाली? शाळा उघडली तो दिवस एकच असतो, पण ती कोणासाठी उघडली हे कळायला रजिस्टरची पाने उलटावी लागतात. त्यातून जे निघेल ते कदाचित कोणत्याही भाषणापेक्षा मनोहरभाईंचा मोठा गौरव करील.

तिसरे साधन धरणाचे भूसंपादनाचे निवाडे. चौथे, नगरपालिकेची इतिवृत्ते. आणि पाचवे, सर्वांत नाशिवंत साधन: सट्टेदारांच्या वह्या, बिडी कामगारांची ओळखपत्रे आणि म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी. केशोरी, राजोली, इळदा, गोठणगाव या पट्ट्यात धान आणि मिरचीच्या शेतीबरोबर तेंदूपाने तोडलेली माणसे अजून आहेत. त्यांना विचारताना 'मनोहरभाई कसे होते?' असे विचारू नये. त्याचे उत्तर 'देवमाणूस' असेच येणार. 'हजारामागे काय मिळायचे? छाट किती निघायची? तुमच्या पोरांपैकी कोण कोण हायस्कुलात गेले?' असे विचारावे. त्या उत्तरांत धंदा, शाळा आणि आमदार हे तिन्ही आपापल्या जागी दिसतात.

आज आमच्या गावात रस्त्याचे डांबरीकरण झाले की फलक लागतो. कोणाच्या प्रयत्नातून, कोणाच्या कृपेने. सभेत लोक म्हणतात, आमदाराने रस्ता दिला. रस्ता खचला तर मात्र विचारायला कोणी जात नाही, कारण दिलेल्या वस्तूचा जाब विचारायचा नसतो, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. १९५१ मध्ये हातात आलेल्या मताचा अर्थ त्या एका क्रियापदाने अर्धा करून टाकला. मनोहरभाईंसारख्या कर्तबगार माणसाचे चरित्र नीट लिहिले गेले, तर आमदार म्हणजे काय आणि दाता म्हणजे काय, हे निदान पुढच्या पिढीला वेगवेगळे दिसेल.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. ज्यांच्या घरी सट्टेदाराची जुनी वही, बिडी कारखान्याचे मजुरीचे कार्ड, धरणात गेलेल्या शेताची नोटीस किंवा साठीच्या दशकातले शाळेचे प्रगतिपुस्तक असेल, त्यांनी ते यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत देऊ नये. झटकून, कागदात गुंडाळून पेटीत ठेवावे. जिल्ह्याच्या इतिहासाचे काम करणारे कोणी दारात आले, तर ते त्यांना दाखवावे.